बर्फ पडला की सोलरचं गरम पाणी बंद: आधी काय तपासायचं आणि कलेक्टर कधी बदलायचा

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवसापासून मला एकच फोन येतो: "सोलर गेला. आता नवीन कोणता बसवू?" हिमाचलातल्या मनाली ते केलाँग या पट्ट्यात मी सोलर वॉटर हीटर बसवतो, आणि बसवतो त्याहून जास्त दुरुस्त करतो. काम शिकलो पुण्यात. तिथले निम्मे ठोकताळे इथे चालत नाहीत. फोन करणाऱ्यांत आता मराठी मंडळीही असतात, कुणी हॉटेल लीजवर घेतलेलं, कुणी नोकरीनिमित्त इकडे आलेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यात बोगद्यापलीकडच्या लाहौल खोऱ्याचा रस्ता पूर्वीसारखा महिनोन्‌महिने बंद राहत नाही. सिस्सूकडची होमस्टे जानेवारीतही उघडी असतात, त्यामुळे गरम पाण्याची मागणी नेमकी सोलरच्या सगळ्यात वाईट महिन्यांत येते.

दहातल्या बहुतेक फोनमध्ये कलेक्टर, म्हणजे ऊन खाऊन पाणी तापवणारा भाग, शाबूत निघतो. बिघाड बर्फात असतो, कोनात असतो किंवा दीड फूट उघड्या राहिलेल्या पाइपात असतो. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर. कलेक्टर बदलायचा विचार अगदी शेवटी.

लक्षणं

"गरम पाणी येत नाही" म्हणून भागत नाही. त्यात वेगवेगळे आजार आहेत:

- टाकीवरचं थर्मामीटर ५० दाखवतंय, पण नळाला थेंब नाही, किंवा करंगळीएवढी धार.
- ऊन लख्ख आहे, पाणीही येतंय, पण कोमट.
- दुपारी चारला चटका बसेल इतकं गरम, पहाटे गार.
- हिवाळाभर तक्रार नाही, मार्चमध्ये बर्फ वितळला की सांध्यांतून पाणी. पाइप फुटतो जानेवारीत. आतला बर्फच तोपर्यंत बुचासारखा बसलेला असतो, म्हणून कळत नाही.
- पंपवाली सिस्टिम असेल तर पंप फिरतोय, टाकीचं तापमान मात्र जागचं हलत नाही.

आपलं लक्षण कोणतं ते ठरवा आणि पुढे चला.

पहिली तपासणी: खाली उभं राहून वर बघा

हसू येईल, पण इथून सुरुवात करायची. कलेक्टरवर बर्फ आहे का? ट्यूबवाल्या, म्हणजे दुहेरी काचेच्या नळ्यांच्या सोलरची गंमत अशी की त्याचा गुणच इथे अवगुण ठरतो. दोन काचांमधल्या पोकळीतली हवा काढलेली असल्यामुळे आतली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही. आत पाणी साठ अंशांवर, बाहेरची काच हवेइतकी गार. त्यामुळे वर बसलेला बर्फ वितळत नाही. दोन नळ्यांमधल्या फटी भरतात, वर थर चढतो, आणि आकाश उघडल्यावरही आठवडा-आठवडा तसाच राहतो. शेजारच्या प्लेटवाल्या, म्हणजे काचेखाली सपाट पत्रा आणि तांब्याच्या नळ्या असलेल्या कलेक्टरची काच मात्र आतून गळणाऱ्या उष्णतेने जरा गरम होते, कडेला पाण्याची बारीक रेघ दिसू लागते आणि कोन पुरेसा असेल तर अख्खी लादी एकदम घसरून खाली येते.

बर्फ काढायचा तो मऊ झाडूने किंवा लांब दांड्याला स्पंज बांधून, खाली उभं राहून. फावडं नको. आणि गरम पाणी तर अजिबात ओतायचं नाही, गारठलेली काच तडकते. छपरावर निसरडा बर्फ असेल तर सोलर चार दिवस बंद राहिला तरी चालेल, वर चढू नका.

दुसरी: गार पाणी पोचतंय का?

हे लोकांच्या डोक्यात येत नाही. साध्या सोलरमध्ये गरम पाणी वरून आपोआप उतरत नाही. खालून गार पाणी शिरतं तेव्हाच ते गरम पाण्याला बाहेर ढकलतं. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीचा बॉलकॉक गोठला किंवा टाकीपासून सोलरपर्यंतचा तुकडा गोठला, की आत कढत पाणी असूनही नळ कोरडा. पहिल्या लक्षणाचं कारण जवळपास नेहमी हेच.

पाइपवरून हात फिरवत जा. गोठलेल्या जागी पाइप जास्त गार लागतो, कधी वर दंवाचा पांढरा पट्टा दिसतो. नळ उघडा ठेवा आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळत मागे सरका. ब्लोलॅम्प लावू नका. प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो, आणि लोखंडी पाइपात मधल्या पाण्याची वाफ होऊन दोन्ही बाजूंना बर्फ असेल तर सांधा उडतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा वितळवून झाल्यावर प्रत्येक एल्बो आणि युनियन कोरड्या हाताने चाचपून बघा.

तिसरी: हिशोब बरोबर आहे का?

थर्मामीटर घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. येणाऱ्या गार पाण्याचं तापमान मोजा. पुण्यात हिवाळ्यात ते विसाच्या वर असतं, इथे जानेवारीत ४ अंश. १०० लिटर पाणी २२ वरून ६० वर न्यायला साधारण साडेचार युनिट उष्णता लागते. ४ वरून ६० वर न्यायला साडेसहा. म्हणजे त्याच टाकीला दीडपट काम.

बादलीतही फरक पडतो. वीस लिटरची, चाळीस अंशांची बादली भरायला पुण्यात ६० अंशांचं साडेनऊ लिटर गरम पाणी पुरतं, इथे तेरा लागतं. पुण्यात १०० लिटरच्या सोलरवर दहा आंघोळी होतात, मनालीत आठही होत नाहीत. आणि ढगाळ दिवशी टाकी ४५ वरच अडकली तर जेमतेम साडेपाच. दुकानदाराने "चार खोल्यांना २०० लिटर भरपूर" म्हणून सांगितलेलं असतं तो मैदानातला आकडा. अशा ठिकाणी यंत्रात बिघाड नसतो, माप चुकलेलं असतं. खोल्या वाढवण्याआधी टाकी आणि कलेक्टर दोन्ही वाढवावे लागतात. नुसती मोठी टाकी लावली तर सगळंच पाणी कोमट होतं.

चौथी: सावली आणि कोन

यावर जरा थांबतो, कारण पैसे न घालता सगळ्यात जास्त फायदा इथे होतो.

मनालीचा अक्षांश ३२ अंशांच्या थोडा पुढे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३४ अंशांवर असतो. उन्हाळ्यात छान मोकळी वाटणारी गच्ची हिवाळ्यात देवदाराच्या, शेजारच्या नव्या मजल्याच्या किंवा सरळ डोंगराच्याच सावलीत जाते. जुन्या मनालीच्या वरच्या अंगाला एका गेस्टहाऊसचा कलेक्टर दुपारी दीडलाच सावलीत जायचा. मालकाने तोवर दोनदा ट्यूब बदलून घेतल्या होत्या. आम्ही स्टँड गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला, बाकी काही केलं नाही. तुम्हीही दहा, बारा आणि दोन वाजता गच्चीचा फोटो काढा. तिन्हींत कलेक्टर पूर्ण उन्हात हवा.

आता कोन. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप कलेक्टरच्या कडेला टेकवा. मैदानासाठी बनवलेले स्टँड बहुतेक २० ते ३० अंशांचे असतात आणि तेच ट्रकमध्ये घालून वर आणतात. डिसेंबरात दुपारचं ऊन सरळ पडायला इथे साधारण ५६ अंशांचा कोन लागतो. २५ अंशांवर सरळ उन्हाचा सातवा हिस्सा जातो, तेवढं एक वेळ चालून जाईल. खरं नुकसान बर्फाचं. २५ अंशांवर तो घसरत नाही. ५० ते ६० वर घसरतो. शिवाय पांढऱ्या अंगणावरून परावर्तित होणारं ऊन उभ्या कलेक्टरला जास्त मिळतं. जूनमध्ये इतका उभा कलेक्टर दुपारचं तीस टक्के ऊन सोडतो, पण जूनमध्ये तसंही टाकी उकळत असते, त्यामुळे ते बरंच.

स्टँड उभा करताना खालच्या कडेखाली मोकळी जागा ठेवा. घसरलेला बर्फ तिथे साठतो आणि ढीग कडेला भिडला की पुढची लादी वर अडकते. तुमच्या गच्चीवर दरवर्षी किती बर्फ साचतो ते तुम्हालाच माहीत, त्याहून वर कड हवी. स्टँडचे पाय बदलणं वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मात्र उभ्या कलेक्टरला वारा जास्त लागतो, अँकर बोल्ट स्लॅबमध्ये गेले पाहिजेत. नुसत्या विटा ठेवून भागवू नका.

पाचवी: नळ्यांचा बुडखा

ट्यूबवाला सोलर असेल तर प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा लेप. नळी फुटली किंवा हवा आत शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. पांढरा म्हणजे नळी मेली. पहाटे दंव पडलेलं असताना बघितलंत तर अजून सोपं: चांगल्या नळ्यांवर दंव टिकतं, मेलेलीवर नसतं, कारण तिच्यातून टाकीतली उष्णता रात्रभर बाहेर जात असते. "दुपारी गरम, पहाटे गार" याचं हे एक कारण. २० नळ्यांत एक-दोन मेल्या तर त्या बदला, सेट बदलू नका. बाजारात बहुतेक ठिकाणी ५८ मिलिमीटर व्यासाची, १८०० मिलिमीटर लांबीची नळी चालते. तरी जुनी मोजून मगच घ्या. रबरी रिंगही नवी घाला.

नळी बदलून पाणी भरायचं ते सूर्य उगवण्याआधी, किंवा वर ताडपत्री टाकून. उन्हात रिकामी राहिलेली नळी आतून २०० अंशांच्या वर जाते. तिच्यात चार अंशांचं पाणी सोडलं तर ती फुटते, आणि काच अंगावर येते.

सहावी: व्हेंट आणि पाइपचं पांघरूण

टाकीच्या डोक्यावर हवेसाठी एक नळी असते. तिच्या तोंडाशी बर्फाची सळई लोंबत असेल तर दोन गोष्टी समजा. एक, व्हेंट बंद व्हायच्या बेतात आहे; ती बंद असताना खालून पाणी उपसलं की टाकीत पोकळी होऊन पत्रा आत दबतो. दोन, तिथून पाणी का येतंय ते शोधा. बाथरूममध्ये मिक्सर उघडा ठेवून हँडशॉवरच्या टोकाला बंद केला असेल, आणि गार पाणी प्रेशर पंपावर असेल, तर गार पाणी गरम पाइपात घुसून रात्रभर टाकीत जातं. तेवढंच गरम पाणी व्हेंटमधून बाहेर. गरम पाण्याच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला की संपलं.

प्लेटवाल्या साध्या सोलरमध्ये पहाटे पाणी गार मिळण्याचं आणखी एक कारण असतं: टाकीचं बूड कलेक्टरच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच नसेल, तर रात्री पाणी उलटं फिरून कलेक्टरमधून थंड होतं.

पांघरुणाबद्दल थोडक्यात. काचलोकर भिजली की उपयोगाची राहत नाही, गोणपाट भिजला तर गोठून पाइपलाच चिकटतो. नायट्रिल रबराची नळी घ्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळा, नाहीतर उन्हाने दोन हंगामांत तिचा भुगा होतो. एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे सोडू नका, गोठणं तिथूनच सुरू होतं. हीटिंग वायर चांगली, पण बर्फाच्या रात्री वीज हमखास जाते. तिच्यावर सगळा भरवसा नको.

इथे थांबा, माणूस बोलवा

इथवर घरच्या माणसाला जमतं. पुढचं नाही.

टाकीतल्या विजेच्या कॉइलचा ईएलसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. "एकदा वर करून बघू" म्हणून ईएलसीबी पुन्हा ढकलू नका. पाणी गोठल्यामुळे टाकी अर्धी रिकामी झालेली असते, कॉइल कोरडी जळते, तिचं आवरण फाटतं आणि सगळं पाणी विजेला लागतं.

टाकी फुगलेली दिसत असेल, सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ येत असेल, किंवा बंद लूपचा (पंपवाल्या सिस्टिममध्ये ग्लायकॉल, म्हणजे न गोठणारा द्रव, ज्यात फिरतो त्या पाइपांचा) प्रेशर गेज शून्यावर असेल तर हात लावू नका. व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारणारे मी पाहिलेत. त्याला बूच मारणं म्हणजे टाकीचा बॉम्ब करणं.

पंप आणि ग्लायकॉलच्या लूपचं काम तर ज्याच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (द्रवात ग्लायकॉल किती ते मोजायचं यंत्र) आहे त्यानेच करावं. त्याच्याकडून दोन गोष्टी मात्र तुमच्या समोर तपासून घ्या. पहिली, मिश्रणाचा गोठणबिंदू: प्रॉपिलिन ग्लायकॉल ४० टक्के असेल तर साधारण उणे २१ पर्यंत निभावतं, ५० टक्के असेल तर उणे ३३. मनालीला पहिलं पुरतं, केलाँगला दुसरं घ्या. दुसरी, पीएचची पट्टी: सातच्या खाली गेली की द्रव आम्लधर्मी झाला, आतून तांबं खायला लागला, बदला. पंप फिरतोय पण तापमान हलत नाही याचं कारण बहुतेक वेळा लूपमध्ये अडकलेली हवा किंवा जळून घट्ट झालेलं जुनं ग्लायकॉल असतं. गाडीचं कूलंट "तेच तर आहे" म्हणून कुणी ओतत असेल तर त्याला परत पाठवा. ते बहुधा एथिलिन ग्लायकॉल असतं, विषारी. टाकीतली ग्लायकॉलची कॉइल पिचली तर सरळ आंघोळीच्या आणि चूळ भरायच्या पाण्यात.

एवढं करूनही नाही भागलं, तर कोणता घ्यायचा?

ब्रोशरमधला टक्केवारीचा तक्ता बाजूला ठेवा. तुमच्या गच्चीवर बर्फ किती पडतो आणि तो कलेक्टरवरून कसा उतरणार, हे आधी बघा.

आकडे ढोबळ घेऊ. पाणी ५० अंश, हवा उणे १०, म्हणजे फरक ६०. प्लेटवाला दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे ४ वॅट गमावतो, ट्यूबवाला दीडच्या आसपास. म्हणजे एकाचे २४० वॅट जातात, दुसऱ्याचे ९०. लख्ख उन्हात, ९०० वॅट मिळत असताना दोघंही काम करतात, ट्यूबवाला थोडा पुढे. पण पातळ ढगांतून ३०० वॅट येत असतील तर प्लेटवाल्याची सगळी कमाई गळतीतच जाते, ट्यूबवाला मात्र थोडंफार गरम करतो. कागदावर ट्यूबवाला जिंकला. फक्त तो बर्फाखाली नसेल तर.

म्हणून लेह, स्पिती अशा कोरड्या थंडीच्या जागी, जिथे ऊन भरपूर आणि बर्फ त्या मानाने कमी, भुरभुरीत, तिथे मी डोळे मिटून ट्यूबवाला सांगतो, तोही शक्यतो हीटपाइपचा. त्यात नळीत पाणीच नसतं, तांब्याची बंद कांडी उष्णता वर नेते, त्यामुळे एक नळी फुटली तरी सिस्टिम वाहून जात नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. व्हेंट मोकळी असणं तिथे अधिकच महत्त्वाचं.

मनाली, सोलंग, शिमल्याच्या वरचा भाग, गुलमर्ग, जिथे ओला, जड बर्फ फूट-फूट पडतो, तिथे माझं मत प्लेटवाल्याकडे, ५५ अंशांवर, ग्लायकॉलच्या बंद लूपसह. महाग पडतो. पण बर्फ थांबल्यावर पहिल्या उन्हात स्वतःहून मोकळा होतो, आणि हॉटेलात रोज झाडू घेऊन वर जायला माणूस नसतो. ट्यूबवालाच घ्यायचा असेल तर दक्षिणेकडच्या भिंतीला जवळपास उभा लावा. डिसेंबरात सरळ उन्हाचे सतरा टक्के जातात, त्यातलं बरंचसं समोरच्या बर्फावरून परत येतं आणि वर काही साचत नाही. कंपनीचा हीटपाइप तेवढ्या उभ्या कोनाला चालतो का, ते तिच्या कागदात बघून घ्या.

ग्लायकॉलशिवाय, थेट पाणी फिरवणारा प्लेटवाला कलेक्टर मात्र बर्फाच्या मुलखात फुकट मिळाला तरी घेऊ नका. निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता फेकतो, त्यामुळे हवा दोन-तीन अंशांवर असतानाही आतलं पाणी गोठतं आणि तांब्याच्या नळ्या फाटतात.

आणि हॉटेल हिवाळ्यात बंदच ठेवणार असाल, तर साध्या ट्यूबवाल्याची टाकी नुसती रिकामी करून जाऊ नका. खालच्या नळ्यांत पाणी राहतंच. नळ्या काढून गवतात गुंडाळून आत ठेवा. बंद लूपवाला असेल तर ताडपत्रीने झाकून ठेवा, वापर नसताना ऊन खाऊन ग्लायकॉल जळतं.

नवीन बसवायचं काम सप्टेंबरात उरका. बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: स्टँडचा कोन अंशांत, ग्लायकॉलचं नाव आणि प्रमाण, सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि ट्यूबवाला असेल तर दोन जादा नळ्या. तोवरच्या आंघोळींना लाकडावरचा हमाम आहेच, आपला बंबच तो.